डावीकडचं दार

तीन खुंट्या वर आल्या, चौथी आली नाही. काचेच्या कडेला, रबरी पट्टीतून जेमतेम डोकं काढून बसलेली ती काळी प्लास्टिकची खुंटी, शेंगदाण्याएवढी, आणि तिच्या पलीकडे काचेतून दिसणारा मालूताईंचा हात. चार बोटं हँडलमध्ये घालून ओढणारा, सोडणारा, पुन्हा ओढणारा. आशालताने गाडीच्या स्टिअरिंगमागून आपल्या दारावरचं लॉकचं बटण पुन्हा दाबलं. खट्... तीन दारांतून एकदम आवाज आला आणि चौथ्यातून नुसती घरघर, घशात काहीतरी अडकल्यासारखी. मग तीही थांबली.

हात हँडलवरून निघाला.

आता काचेत मालूताईंचा चेहरा होता. एका डोळ्यावर चिकटपट्ट्यांनी बसवलेली पांढरी वाटी, कालच्या ऑपरेशनची, आणि दुसरा डोळा उघडा, अर्धवट दिसणारा, पण नेमका तिच्यावर रोखलेला. त्या चेहऱ्यावर आश्चर्य असतं तर बरं झालं असतं. चिडचीड असती तरी चाललं असतं. पण तिथे होती ती एक जुनी, ओळखीची गोष्ट — वाटलंच होतं, असं म्हणणारी. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या, तेव्हा होती तीच.

काच खाली करायला हवी होती. काचेचं बटण लॉकच्या बटणाला लागूनच, बोटाखालीच होतं, आणि त्या दाराची काच अगदी ठणठणीत होती. तरी ती थांबली. पाच सेकंद, सहा सेकंद... फार नाही. बाहेर आपली मोठी नणंद मार्चच्या उन्हात एका डोळ्याने उभी आहे आणि आपण आत एसीत बसून तिच्याकडे बघतोय, हे तिला कळत होतं. कळूनही बोट हललं नाही. आणि ते का हललं नाही, हा प्रश्न नंतर दिवसभर तिच्याबरोबर गाडीत बसून राहिला.

"ताई, लॉक अडकलंय," काच उतरली तशी ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने. "दार उघडत नाहीये. मी काही मुद्दाम..."

"ऱ्हाऊ दे," मालूताई म्हणाल्या. "मागचं उघडतंय ना? मी मागं बसते."

आशालता आडवी होऊन, डाव्या सीटवर कोपर टेकून ती खुंटी चिमटीत धरून ओढू लागली. नखाला कळ आली. खुंटी तसूभरही हलली नाही. तोवर मागचं दार उघडून बंदही झालं होतं, आणि गाडीत खोबरेल तेलाचा आणि डोळ्यांच्या औषधाचा वास आला होता.

काल संध्याकाळी फोन आला तेव्हा स्क्रीनवरचं नाव वाचूनही तिला खरं वाटलं नव्हतं. प्रितमला रजा नाही, मालूताई म्हणाल्या होत्या. त्यांचा मुलगा द्रोणागिरीला गोदामात होता आणि ऑपरेशनसाठी एक दिवस घेतला तोच साहेबाच्या जिवावर आला होता. उद्या सकाळी पट्टी काढायला पनवेलला यायचंय. "तुजी गाडी हाय ना," एवढंच. येशील का, असं नाही. कशी आहेस, असंही नाही. तीन वर्षांनी आलेला फोन चाळीस सेकंदांत संपला होता. त्यानंतर आशालता स्वयंपाकघरात कितीतरी वेळ उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. मग तिने कंपनीतल्या वरिष्ठांना रजेचा निरोप टाकला. कारण काय लिहायचं हे सुचेना. शेवटी लिहिलं — घरचं काम.

गव्हाण फाट्यावरून गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर, एकामागे एक, सावकाश, जणू रस्ताच त्यांच्या मालकीचा. आरशात मालूताई दिसत होत्या, म्हणजे पांढरी वाटी, कपाळाचा अर्धा भाग आणि पदराची हिरवी किनार. बोलायचं तर आरशाशी बोलावं लागणार होतं. भाड्याच्या गाडीत बसल्यासारख्या त्या मागे बसल्या होत्या, पाय जुळवून, पिशवी मांडीवर, आणि आशालताला वाटलं, हेही एक बरंच झालं. शेजारी बसल्या असत्या तर त्यांच्या हाताचं काय करायचं, आपल्या हाताचं काय करायचं... पाठीमागच्या माणसाला पाठ तरी दाखवता येते.

खट्. तिन्ही खुंट्या आपणहून खाली गेल्या. खट्, वर आल्या. पुन्हा खाली.

"काय गं?" मालूताई दचकल्या. "कोनी केलं?"

"कुणी नाही. आपोआप होतं. कधी सिग्नलला, कधी चालता चालता."

"गाडीला झपाटलंय म्हन की."

आशालताला हसू आलं आणि तिने ते आवरलं. आवरलं कशाला, हे तिलाच कळलं नाही. महिनोन् महिने ती हा आवाज ऐकत होती. तळोज्याला कंपनीत जाताना, येताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून क्षणभर बसून राहिली की तेव्हाही. पहिल्यांदा दचकायची. मग रेडिओचा आवाज वाढवू लागली. मग सवय झाली, आणि मग तर असं झालं की एखाद्या दिवशी आवाज झाला नाही तर तिला चुकल्यासारखं वाटायचं. घरात तरी कोण होतं आपणहून आवाज करणारं. फ्रिज होता. शेजारच्यांचा कुकर होता. बंगळुरूहून रियाचा फोन रविवारी असायचा, अकरा वाजता, बाकीच्या कामांमध्ये बसवलेला. आई, तू ठीक ना? ठीक. जेवण? झालं. गाडी दाखवलीस का? दाखवते.

डाव्या अंगाला विमानतळाची भिंत लागली. त्या भिंतीपलीकडे कुठेतरी तिच्या नवऱ्याचं, जगनचं गाव होतं. होतं, म्हणजे घरं पाडून, डोंगर फोडून, खाडी बुजवून सपाट केलेल्या त्या जमिनीत कुठेतरी. मालूताईंनी मान वळवली होती. एका डोळ्याने काय दिसत असेल?

"आमचं घर कुटं आसंल?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "जगनला बरोबर सांगता यायचं. चिंचेवरनं मोजायचा. आता चिंच पन नाय."

आशालताने जगनला तळोज्याच्या कंपनीतच पहिल्यांदा पाहिलं होतं. ती प्रयोगशाळेत नवी, तो प्लांटवर ऑपरेटर. नमुन्यांच्या बाटल्या घेऊन यायचा आणि लेबलावर वेळ लिहायला हमखास विसरायचा. ती पनवेलच्या एका आळीतली, मास्तरांची मुलगी, तो मिठागरवाल्यांचा. लग्न झालं तेव्हा तिच्या घरच्यांनी सहा महिने बोलणं टाकलं आणि त्याच्या घरच्यांनी तिला कधी काही बोल लावला नाही — फक्त ती बसली असली की त्यांचं बोलणं बदलायचं. आमी-तुमीचं आम्ही-तुम्ही व्हायचं, आवाज खाली यायचा, जपून, पाहुण्यासमोर बोलावं तसा. आणि मग मालूताई यायच्या आणि जगन पुन्हा त्यांचा व्हायचा. आई लहानपणीच गेली, त्याला वाढवलं मालूताईंनी, मिठागराच्या बांधावरून काखेत घेऊन फिरवलं, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण डोळ्यांदेखत आपला नवरा दुसऱ्या भाषेत शिरतो, तिथे मोठ्याने हसतो, तिथे त्याला वेगळीच भूक लागते — सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी — आणि आपण उंबऱ्यावर ताट धरून उभ्या... सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नव्हती. तक्रार करण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

म्हणूनच असेल. त्या दिवशी सकाळी नऊला छातीत दुखायला लागलं, साडेनऊला दाखल केलं, आणि बारा वाजता डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या माणसांना बोलावून घ्या. तिने हो म्हटलं. फोन पर्समधून काढला. यादीत मालूताईंचं नाव शोधलं. आणि फोन पुन्हा पर्समध्ये ठेवला. रियाला फोन केला, ती लगेच विमानतळाकडे निघाली, पण ती काही रात्रीआधी पोचणार नव्हती. मग आशालता आत जाऊन त्याच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. मालूताईंना फोन तिने पाच वाजता केला. पाच चाळीसला तो गेला. सव्वासहाला त्या आल्या.

अचानक झालं ताई, ती म्हणाली होती. सगळ्यांनाच म्हणाली होती. इतक्या वेळा, की ते वाक्य आता नाण्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर दोघी शेजारी बसल्या, मध्ये पिशवी. नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी चिकटपट्ट्या हळूच सोलल्या, वाटी काढली, डोळा ओल्या कापसाने पुसला. मालूताईंनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आपल्याच हाताच्या शिरांकडे पाहिलं. मग आशालताकडे. पाहतच राहिल्या.

"अगं बाय," त्या म्हणाल्या, "तू किती म्हातारी झालीस!"

डॉक्टरीणबाई हसल्या. आशालताही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला असं कुणी, इतकं जवळून आणि इतका वेळ, पाहून बरेच दिवस झाले. कंपनीत सगळे तिच्या हातातल्या कागदाकडे पाहायचे.

"केस रंगवत नाहीस?"

"सोडलं."

"चांगलं दिसतंय," मालूताई म्हणाल्या, आणि ते खरं की बरं वाटावं म्हणून, हे तिला ठरवता आलं नाही.

खाली आल्यावर मालूताई पुन्हा डाव्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हँडल ओढून पाहिलं. "हे करून घे," त्या म्हणाल्या. "मला घाई नाय. आताच करून घे. बाय मानूस एकली गाडी चालवतेस, उद्या काय झालं नि दार उघडलं नाय तर?"

ठाणा नाक्याच्या अलीकडे, टायरवाल्यांच्या रांगेत, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या दीपेशचं दुकान होतं. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने लॉकचं बटण चार वेळा दाबलं, कान त्या दाराला लावला, डॉक्टरसारखा, आणि म्हणाला, "मोटर जाम आहे मॅडम. ही एक अडकली ना, की सेंटर लॉकचा डबा गोंधळतो. त्याला वाटतं, सगळी लॉक झाली नाहीत. म्हणून तो परत परत ट्राय मारतो. बाकीची तीन दारं उगाच वरखाली."

"हो. तसंच होतं."

"किती दिवसांपासून?"

"आवाज? झाले सहा-सात महिने."

"आवाज नाही, दार. हे दार उघडत नाहीये किती दिवसांपासून?"

ती बोटांवर महिने मोजू लागली.

साधा प्रश्न होता. तिच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर तारीख असते, वेळ असते, सही असते. वेळ नसलेला नमुना ती परत पाठवते, तीस वर्षं पाठवत आलीय. दार कधीपासून उघडत नाही? म्हणजे शेवटचं कधी उघडलं? म्हणजे शेवटचं कोण बसलं? रिया... रिया गणपतीत आली होती. पण ती विमानतळावरून टॅक्सीने आली आणि टॅक्सीनेच गेली. मधल्या दिवसांत एकदा बाजारात गेलो होतो दोघी, तेव्हा ती मागे बसली होती, लॅपटॉप उघडून. आई, माझा कॉल आहे, तू रेडिओ लावू नकोस. मग मनिषा. कंपनीतली मनिषा रोज बसायची, खांदेश्वरला उतरायची, रोज सासूबद्दल बोलायची. पण मनिषाने नोकरी सोडून... दीड वर्ष? पावसाच्या आधी की नंतर? त्यानंतर त्या सीटवर डबा असायचा. पर्स असायची. भाजीची पिशवी असायची, आणि ती सगळी ती उजव्या दारातूनच आत ठेवायची, उजव्या दारातूनच बाहेर काढायची. आणि त्याआधी, जगन असताना, तो उजवीकडे बसायचा आणि त्या डाव्या सीटवर... त्या डाव्या सीटवर मीच बसायचे. ती माझी जागा होती. पाय वर घेऊन, चपला काढून, खिडकीतून हात बाहेर काढला की तो ओरडायचा.

"मॅडम?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "लक्षात नाही आलं."

दीपेशने काही वाटून घेतलं नाही. त्याच्याकडे अशी दारं रोज येत असावीत. "वापरात नसलं की जाम होतंच," तो म्हणाला. "आपली इकडची हवा खारी. दार आपलं रोज उघडझाक व्हायला पाहिजे."

पण मालूताईंनी ऐकलं होतं. दुकानाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, नव्या डोळ्यावर काळा चष्मा चढवून बसल्या होत्या त्या. काचांमागे काय होतं ते दिसत नव्हतं, फक्त मान किंचित तिच्याकडे वळली आणि तशीच राहिली. आशालताला उघडं पडल्यासारखं वाटलं. अंगावरची जखम नव्हे... त्याहून किरकोळ, त्याहून लाजिरवाणं काहीतरी, उसवलेल्या शिवणीसारखं.

दार बंदच, त्यामुळे दीपेशला उजवीकडून आत शिरून, डावी सीट मागे सारून, गुडघे पोटाशी घेऊन काम करावं लागलं. दाराच्या आतल्या बाजूचं आवरण त्याने अर्धवट उचकटलं, फटीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि डोळे मिटले. हाताला दिसावं म्हणून. बराच वेळ आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग एक करकर, आणि दार बाहेरच्या बाजूला हलकेच सुटलं. सांध्यात धूळ, एक वाळलेलं पान आणि रबराला चिकटलेली मातीची बारीक रेघ.

"हाताने चालेल आता," तो बाहेर येत म्हणाला. "मोटर मागवावी लागेल, मंगळवारपर्यंत येईल. तोवर मी हिची वायर काढून ठेवतो, म्हणजे बाकीची त्रास देणार नाहीत. फक्त हे दार आठवणीने हाताने लॉक करा. मंगळवारी येताय ना?"

"येते," ती म्हणाली.

मालूताई उठल्या. डाव्या दाराने आत बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, पदर आत घेतला आणि दार ओढून लावलं. ते नुसतं लागलं. कुठेही खट् झालं नाही.

परतीच्या रस्त्यावर गाडी विलक्षण शांत होती. करंजाडे मागे पडलं. आता आरशात मागच्या सीटचा रिकामा पाठीचा भाग दिसत होता आणि मालूताई दिसत नव्हत्या. फक्त डाव्या कोपराला त्यांच्या अस्तित्वाची ऊब लागत होती, आणि गिअर बदलताना हात त्यांच्या गुडघ्याला लागेल म्हणून ती तो जरा आखडता घेत होती.

"आशा," मालूताई समोर बघत म्हणाल्या. "त्या दिवशी किस्नाबाय आलेली."

"कोण?"

"आमची किस्नाबाय. त्या हॉस्पिटलात आया होती ना ती. दुपारची घरी आली, एक वाजला आसंल. बोलली, मालू, तुजा भाव काय वाचत नाय."

पुढचा ट्रेलर मंदावला. आशालताने ब्रेक दाबला. ब्रेक लागला, गाडी हळू झाली, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं.

"एक वाजता?" ती म्हणाली.

"एक वाजता. मी लुगडं बदललं. पिशवी घेतली. प्रितमनं बाइक काडली, बोलला, आई बस. मी बोलले, नाय. तिचा फोन येऊ दे. तिचा नवरा हाय, ती बोलवंल. तिनं बोलवल्याबिगार नाय जायचं." मालूताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "पायरीवर बसले. दोन वाजले, तीन वाजले. पयल्यांदा वाटत होतं, आता करंल, आता करंल. मंग वाटायला लागलं, नाय करत ना? बगू तर खरं, कवापर्यंत नाय करत. भाव तिकडं जातोय, आन मी हिकडं ते बगत बसले."

भिंत पुन्हा लागली होती, आता उजव्या हाताला. एक विमान उतरत होतं, इतकं खाली की त्याच्या पोटावरच्या रेषा दिसत होत्या. अचानक झालं ताई... ते गुळगुळीत वाक्य जिभेवर आलं, सवयीने. तिने ते गिळलं.

"मला डॉक्टरांनी बारालाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

तीन वर्षांत हे वाक्य तिने कुणासमोर उच्चारलं नव्हतं. रियासमोर नाही, आरशासमोर नाही. आणि आता ते बाहेर पडलं तर त्याचा आवाज किती साधा होता, भाजी आणायची राहिली असं सांगावं तसा.

"म्हाईत हाय," मालूताई म्हणाल्या.

आशालताला वाटलं होतं, हे कधी उघडं पडलं तर आपण कोसळू. तसं काही होत नव्हतं. उलट आत काहीतरी तापत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला एक किलोमीटर लागला — राग. तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं मी रोज ते पाच तास डोक्यावर घेऊन उठले, घेऊन झोपले, तुमच्या घराच्या वाटेला गेले नाही, हळदीकुंकवाला गेले नाही, प्रितमच्या साखरपुड्याला आजारी पडले, आणि तुम्ही तिकडे पायरीवर... आणि रागाच्या तळाशी अजून काहीतरी होतं, त्याहून विचित्र. ते पाच तास तिचे एकटीचे होते. चोरलेले असतील, पण तिचे होते. पडदा ओढलेला, यंत्राचा आवाज, त्याचा थंड होत चाललेला तळहात, आणि फक्त दोघं. आता कळत होतं की दोघं नव्हतेच कधी. पंधरा किलोमीटरवर, लुगडं बदलून, पिशवी मांडीवर घेऊन कुणीतरी सगळा वेळ त्या खोलीकडे तोंड करून बसलं होतं.

"राती झोप नाय आली," मालूताई म्हणाल्या. "डोळ्यावर पट्टी. काय दिसंना, की आत दिसतंय. म्हनलं, उद्या आशा येईल तर तिला इचारू." गव्हाण फाटा दिसायला लागला होता. "तू होतीस तितं. तेवड्या टायमात तो काय बोलला गं?"

हे कधीतरी कुणीतरी विचारणार, हे तिला ठाऊक होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी — ही वेळ तिला पक्की ठाऊक होती, समोर घड्याळ होतं — जगनने डोळे उघडले होते. तोंडावरचा मास्क त्याने बोटाने थोडा बाजूला केला, तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि विचारलं, ताय आली? तिने त्याचा मास्क नीट केला आणि म्हणाली, येतेय. त्याने मान हलवली. समाधानाने, असंच तिला वाटलं. आणि डोळे मिटले. त्यानंतर तो काही बोलला नाही. पर्स तिच्या मांडीवर होती, पर्समध्ये फोन होता. त्यानंतरही दोन तास ती बसून राहिली.

ती गाडी चालवत होती. शेजारी मालूताई वाट पाहत होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि तो ताजा, धुतलेला, लालसर डोळा तिच्या गालावर आहे हे तिला न वळताही कळत होतं. सांगितलं तर? सांगितलं तर तीन वाजता पायरीवर बसलेल्या या बाईला कळेल की त्याच मिनिटाला तिचं नाव निघालं होतं. मग ती त्या पायरीवरून उरलेल्या आयुष्यात उठणार नाही. आणि नाही सांगितलं तर...

"काही नाही," आशालता म्हणाली. "झोपेतच होता तो. गुंगीत."

"काय पन नाय?"

"काही नाही, ताई."

मालूताईंनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता की त्यांना पटलं नव्हतं, हे कळलं नाही. "बरं झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "जीव घोटाळला नाय म्हनायचा."

घर आलं. मालूताईंनी दार आपल्या हाताने उघडलं, उतरल्या, पिशवी घेतली. आत ये म्हणाल्या. भाकऱ्या टाकते, खाऊन जा. आशालता म्हणाली, पुन्हा येईन. कधी, असं मालूताईंनी विचारलं नाही. पण गाडी वळेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या, आणि डोळ्यांवर हात धरून, चष्मा न लावता, पाहत राहिल्या.

फाट्याच्या पुढे, जिथे रस्ता रुंद होतो, तिथे आशालताने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. ट्रेलर जात होते; प्रत्येक ट्रेलरबरोबर गाडी किंचित हलत होती. मी कुणासाठी खोटं बोलले? त्यांच्यासाठी, हे उत्तर तयार होतं, चांगलं होतं, कुणीही मान्य केलं असतं. पण तिला स्वतःला नीट आठवत होतं, काही नाही म्हणताना आतमध्ये काय झालं होतं ते: एक मूठ मिटली होती. दयेने मिटली की हावेने, हे मुठीवरून कळत नाही. तीन वर्षं जगनचं ते वाक्य तिने आपलं म्हणून लपवलं होतं, आणि निदान तेवढं तरी तिला स्पष्ट होतं. आज ती ते पुन्हा लपवून आली होती आणि पहिल्यांदाच, कशासाठी ते तिला सांगता येत नव्हतं.

"ताय आली?" ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली, त्याच्यासारखं, 'य' वर टेकून. तिच्या तोंडातून त्यांच्या बोलीतला शब्द कधी निघाला नव्हता. सव्वीस वर्षांत तिने तशी हिंमत केली नव्हती. आवाज त्याचा आला नाही. तिचाही आला नाही. आणि मग येतेय म्हणायचं होतं, नेहमीसारखं. रोज ती मनात तेच म्हणत आली होती, आणि तिथेच ते दुपारचं सगळं थांबत होतं, मास्क नीट व्हायचा, मान हलायची, पडदा.

"नाही रे," तिने म्हटलं. "मी बोलावलंच नाही त्यांना."

बंद गाडीत ते जरा वेळ राहिलं. तो काय म्हणाला असता, हे तिला आठवून सांगता येण्यासारखं नव्हतं. ते घडलंच नव्हतं. चिडला असता. तोंड फिरवलं असतं. का गं, असं विचारलं असतं कदाचित... आणि ते का, त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी — बारा वाजताच्या डॉक्टरांच्या बोलण्यापासून, की लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून, सगळ्यांचा आवाज खाली आला होता तिथपासून — हे ती जुळवत बसली, हात मांडीवर ठेवून, घाई नसल्यासारखी.